सव्वीस नंबरची विहीर

डेमोला एक दिवस उरला होता आणि विंडोजवर आमच्या गेमचा तिसरा नकाशा अर्धा काळा येत होता. डिझायनर तिचा लॅपटॉप घेऊन आली. "ताई, माझ्या लिनक्सवर बघ, अख्खं गाव दिसतंय." खरंच दिसत होतं.

माझा संशय सरळ एडिटरवर. नकाशे काढायला आम्ही कुणा हौशी माणसाने फावल्या वेळात लिहिलेला, फुकटचा एडिटर वापरतो. तो लिनक्सवर चालतो, गेम दोन्हीकडे. मला वाटलं, फाइलच्या सुरुवातीला त्याने लाँग (सी भाषेतला पूर्णांकाचा एक प्रकार) लिहिला असणार. 64 बिटच्या लिनक्सवर लाँग आठ बाइटचा, विंडोजवर चारचा, म्हणजे पुढचं सगळं सरकणारच. छान सिद्धांत होता, पण फाइल तपासली तर सुरुवातीला माहितीचा भाग, म्हणजे हेडरच नाही. 64 गुणिले 48 टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोन, दर टाइलला एक बाइट, बरोबर 3072 बाइट. मग कंपायलरवर, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनावर, खापर. व्हिज्युअल सी++ने बिल्ड केलं, मिनजीडब्ल्यूने केलं, नकाशा दोन्हीकडे एकाच जागी तुटला. यात दुपार गेली.

शेवटी जे पहिल्यांदा करायचं ते केलं: एफरीडने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या फंक्शनने, किती बाइट वाचले ते छापलं. 1240. म्हणजे एकोणीस ओळी पूर्ण आणि विसाव्या ओळीतल्या चोवीस टाइल. फाइल हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, उघडून पुढचा बाइट पाहिला: 1ए. दशमानात सव्वीस.

"सव्वीस नंबरची टाइल कुठली गं?"

"विहीर. कालच टाकली."

झेड हे सव्वीसावं अक्षर, म्हणून कंट्रोल-झेडचा कोड सव्वीस. जुन्या सीपी/एम प्रणालीत फाइलची लांबी 128 बाइटच्या तुकड्यांत मोजत, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला कंट्रोल-झेड टाकायची पद्धत होती. ती डॉस प्रणालीत आली आणि मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइममध्ये, म्हणजे सी प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडमध्ये, फाइल मजकूर समजून वाचणाऱ्या टेक्स्ट मोडपुरती अजून आहे. मिनजीडब्ल्यूही तेच रनटाइम वापरतं, म्हणून कंपायलर बदलून काही फरक पडला नव्हता. लिनक्सला टेक्स्ट आणि बायनरी (बाइट जसेच्या तसे वाचणारा मोड) सारखेच. विंडोजच्या लेखी मात्र आमचं गाव विहिरीपाशी संपत होतं.

फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली कुणी? मी. चार वर्षांपूर्वीची ओळ, फाइल उघडणाऱ्या एफओपनला नुसता 'आर', म्हणजे टेक्स्ट मोड. तिथे 'आरबी', म्हणजे बायनरी, केलं आणि गाव पूर्ण आलं. बिचाऱ्या एडिटरला दिवसभर शिव्या घातल्या होत्या.

डिझायनरने उत्साहाने बाकीचे नकाशेही उघडले. पाचव्यातला पूल एक टाइल उजवीकडे सरकलेला. "हा तर कालपर्यंत नीट होता!"

हा नकाशा मला आठवत होता. त्यात 13 नंबरची टाइल आणि तिला लागून 10 नंबरची. टेक्स्ट मोडमध्ये 13-10 ही जोडी म्हणजे ओळीचा शेवट, तिचा वाचताना एकच बाइट होतो. त्यामुळे तो पूल पूर्वी विंडोजवर डावीकडे सरकायचा. तेव्हा कारण न शोधता मी फक्त विंडोजसाठी, फक्त पाचव्या नकाशात, एक टाइल कोडमधूनच घुसवली होती. वर माझीच कॉमेंट होती: "का ते कळलं नाही, पण चालतंय."

डिझायनरने ती मोठ्याने वाचली. मी काही न बोलता ओळ खोडली आणि बिल्डला लावलं.