वरणातली गोळी

भाच्याचे औषध त्याला न सांगता वरणात मिसळावे, हा सल्ला मीच माझ्या बहिणीला दिला होता. तो तेव्हा 19 वर्षांचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. पंखा आपल्याविषयी बोलतो म्हणून ऐन मे महिन्यात तो बंद ठेवून बसायचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली होती. त्याआधीचे सात-आठ महिने आम्ही अभ्यासाचा ताण, मित्रांची संगत आणि, आईच्या आग्रहाखातर, ‘बाहेरचे काही’ यांचा शोध घेण्यात घालवले होते.

गोळीने झोप सुधारली खरी, पण एके दिवशी वाटीच्या तळाशी पांढरी पूड राहिली. आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालते, हा त्याचा संशय आम्ही स्वतःच्या हातांनी खरा करून दाखवला होता. पुढे कितीतरी दिवस तो केळी आणि बंद पुड्यातली बिस्किटे यांवरच राहिला.

पहिली लक्षणे दिसल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके सावरणे अवघड होते, हे मी नंतर वाचले. नॉर्वेतील रोगालँड परगण्यात 1997 पासून वर्तमानपत्रे, रेडिओ आणि शाळांमधून सायकोसिसची, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या अशा आजाराची, माहिती देण्यात आली आणि शिक्षक, पालक किंवा खुद्द तरुण थेट फोन करू शकतील अशी पथके नेमण्यात आली. तिथे हा काळ साधारण 5 आठवड्यांवर आला, तर मोहीम नसलेल्या भागांत तो 16 आठवडे होता. आणि मोहीम थांबली, तसा तो पुन्हा वाढला. आपल्याकडे 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर घरच्यांनाही बोलता येते. आमच्या वेळी तो नव्हता, पण असता तरी आम्ही फिरवला असता का, याची मला खात्री देता येत नाही.

परंतु दारापर्यंत पोहोचणे वेगळे आणि मुलाने दार उघडणे वेगळे. आमच्याकडे ते एका समाजकार्यकर्त्यामुळे उघडले. त्याने आजाराचा विषयच काढला नाही. तो गॅलरीत बसून क्रिकेटवर बोलत राहिला आणि तिसऱ्या भेटीत त्याने विचारले, ‘तुला स्वतःला कशाचा त्रास होतो?’ उत्तर आले, ‘झोप नाही, आणि दोन केट्या आहेत.’ केट्या म्हणजे नापास होऊन राहिलेले विषय. आवाज, पंखा, कॅमेरा यांपैकी काहीच त्यात नव्हते. मग औषध झोपेसाठी घ्यायचे ठरले. सुस्ती येऊ लागली, पँटी घट्ट होऊ लागल्या, तेव्हा त्याने गोळ्या परस्पर बंद करण्याऐवजी डॉक्टरांना स्वतः सांगितले आणि डॉक्टरांनीही त्याला न दटावता मात्रा बदलली. मेलबर्नमध्ये मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी यांनी 1992 मध्ये तरुणांसाठी स्वतंत्र सेवा उभी केली, तिच्यात शिक्षण आणि नोकरी यांना उपचारात जागा का दिली जाते, हे मला त्या दोन केट्यांमुळे कळले.

त्या केट्या सुटायला दीड वर्ष लागले. आता तो नोकरी करतो आणि रात्री गोळी सगळ्यांसमोर घेतो. वरण मात्र तो आजही स्वतःच पातेल्यातून वाढून घेतो, आणि बहीण त्या वेळी डावाला हात लावत नाही.