पाहा ३१८

शनिवारी सकाळी पहिला मेल आला तो एका अनोळखी माणसाचा. "प्रकल्प बंद केलात का? तुमचा कोड उतरत नाही, त्यामुळे आमचं बिल्ड पडतंय." मी ब्राउझरमध्ये आमच्या प्रकल्पाचा पत्ता टाकला. ४०४, म्हणजे पान सापडत नाही. अकरा वर्षं बोटांना पाठ असलेला पत्ता चुकणार कसा, तरी पुन्हा एकदा टाकून पाहिला. मग लॉगिन केलं. माझं स्वतःचं खातं शाबूत होतं. प्रकल्पाच्या नावाचं सामायिक खातं तेवढं गोठवलेलं. कारण म्हणून एकच ओळ: वापराच्या अटींचा भंग. कोणती अट, कोणी मोडली, कधी, काही नाही. खाली दाद मागण्यासाठी एक फॉर्म. तो भरला आणि "तुमची विनंती मिळाली" असं यंत्राचं उत्तर तत्काळ आलं.

आमचा प्रकल्प म्हणजे डीबीएफ फाइली वाचणारी एक छोटी लायब्ररी, दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड. डीबेस, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामांच्या काळातला डेटा अजून कित्येकांच्या कपाटात पडून आहे, तो बाहेर काढायला ती लागते. मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारे, आम्ही तिघं. बाकीच्या दोघांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेले नाही. पगार कोणालाच नाही. रात्री, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं काम. सर्व्हर चालवायला कोणाला वेळ होता? म्हणून एका मोठ्या कंपनीच्या फुकट होस्टिंगवर सगळा संसार मांडला होता. कोड तिथे, इश्यू म्हणजे तक्रारी-सूचनांच्या क्रमांक दिलेल्या नोंदी तिथे, चाचण्या तिथेच चालायच्या, नव्या आवृत्त्याही लोक तिथूनच उतरवून घ्यायचे.

दुपारपर्यंत मी तशी निवांत होते. गिट आहे ना, कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन! २००५ साली लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिणाऱ्यांवर हीच पाळी आली होती. ते वापरत असलेलं बिटकीपर हे खाजगी साधन ज्यांचं होतं, त्यांनी फुकट परवाना काढून घेतला, तेव्हा लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. गिटमध्ये ज्याच्याकडे क्लोन, म्हणजे प्रत, त्याच्याकडे पहिल्या कमिटपासूनचा, म्हणजे पहिल्या नोंदवलेल्या बदलापासूनचा अख्खा इतिहास. आम्ही तिघांनी आपापल्या क्लोनवर गिट एफएससीके ही तपासणी चालवली, मुख्य शाखेच्या शेवटच्या कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, जुळवला. चाळीसच्या चाळीस अक्षरं सारखी. एकाने गटात लिहिलं, "काही गेलेलं नाही. दुसरीकडे पुश करू, झालं." मी त्याला अंगठाही दाखवला.

संध्याकाळी आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीने, जिला आम्ही नवीच म्हणतो, विचारलं, "ताई, हे काय आहे?" ती सहा महिन्यांपासून पॅच, म्हणजे कोडातले बदल, पाठवते, हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वाचणाऱ्या फंक्शनची साफसफाई तिने तेव्हा हातात घेतली होती. तिने दाखवलेली ओळ अशी होती:

// हेडरमधल्या संख्येवर विसंबू नका. पाहा #३१८

आणि ३१८ कुठेच नव्हता.

इश्यू गिटमध्ये नसतात. पुल रिक्वेस्टवरच्या, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंत्यांवरच्या चर्चा, लेबलं, कोणी काय नाकारलं आणि का नाकारलं, हे सगळं होस्टच्या डेटाबेसमध्ये. आपण गिट-गिट म्हणतो आणि कोडाच्या निम्म्या गोष्टी दुसऱ्याच्या घरात ठेवून येतो. ग्रेप मारून, म्हणजे सगळ्या कोडात शोधून पाहिलं. "पाहा #" अशा ४३ जागा निघाल्या. एकीकडे तर फक्त "#९१ मुळे" एवढंच. मी बराच वेळ त्या यादीकडे पाहत बसले. ४३ पैकी निम्म्या तरी माझ्याच हातच्या असाव्यात.

वाचवलं ते मेलने. आमच्यातला सर्वांत जुना मेंटेनर होस्टकडून येणारा कोणताच सूचनेचा मेल पुसत नाही. यावरून त्याची आम्ही थट्टा करायचो. प्रत्येक इश्यूवरची प्रत्येक टिप्पणी त्याच्या मेलपेटीत येऊन पडलेली, अकरा वर्षांची. रविवारी त्याने ती सगळी एका एमबॉक्स फाइलमध्ये काढली, मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, विषयाच्या ओळीतून इश्यूचा क्रमांक वेचला आणि प्रत्येक इश्यूची एक मजकूर फाइल केली. रात्री उशिरा ३१८ उघडला.

तो लिहिणारा गृहस्थ आता प्रकल्पात नाही. सहा वर्षांपूर्वी गप्पच झाला. मजकूर मात्र नीट होता. डीबीएफच्या हेडरमध्ये ४ ते ७ या बाइटांत नोंदींची संख्या असते. नोंद लिहिली गेली आणि संख्या बदलायच्या आत वीज गेली, तर हेडर कमी आकडा सांगतो आणि शेवटच्या नोंदी वाचणाऱ्याला दिसतच नाहीत. म्हणून फाइलच्या आकारातून हेडरची लांबी वजा करा, एका नोंदीच्या लांबीने भागा, तो आकडा धरा.

नवीने तेवढं वाचून फंक्शन चार ओळींत बसवलं. चाचण्या चालवल्या. एक पडली. त्या चाचणीच्या फाइलचं नावच ३१८.डीबीएफ.

ती फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रामात, उघडली तर शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर शून्यांची लांबच लांब रांग. कुठल्या तरी जुन्या प्रोग्रामने जागा आधीच अडवून ठेवलेली. आकारावर गेलं की त्या शून्यांच्याही नोंदी मोजल्या जातात. आमचा जुना कोड प्रत्येक जादा नोंदीचा पहिला बाइट बघत होता. तिथे ३२ म्हणजे स्पेस असेल तर नोंद जिवंत, ४२ म्हणजे तारांकन असेल तर खोडलेली, आणि दोन्ही नसेल तर थांबायचं. मेलमध्ये याचा उल्लेखच नव्हता. का ते उशिरा सुचलं: मेल जातो टिप्पणी पहिल्यांदा टाकतात तेव्हा. त्या गृहस्थाने नंतर ती दुरुस्त केली असणार, आणि दुरुस्तीचा मेल येत नाही. म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षांच्या चर्चेचा कच्चा खर्डा होता, चाचणीची फाइल मात्र पक्की.

नवव्या दिवशी खातं उघडलं. मेल दोन वाक्यांचा: स्वयंचलित तपासणीत चुकून अडकलं, गैरसोयीबद्दल दिलगीर. झालं गेलं म्हणून सोडून देऊ, असं तोच जुना मेंटेनर म्हणाला. त्याचा मुद्दा अगदी फेटाळण्यासारखा नव्हता. नवीन माणसं तिथेच येतात, तिथेच शोधतात. दुसरीकडे गेलो तर एक खातं नव्याने काढावं लागतं म्हणून अर्धे परत फिरतील. मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुझ्या पेटीतला मेल सुटला तर?" तो म्हणाला, "मग स्वतःचा सर्व्हर चालव ना तू." ते मला नको होतं. अपडेट कोण करणार, बॅकअप कोण तपासणार, आणि हल्ली भाषामॉडेलांसाठी मजकूर गोळा करणारे बॉट छोट्या सर्व्हरांना जे धुऊन काढतात ते कोण निस्तरणार? दोन कमिट मागे टाकून निघून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या भरवशावर सर्व्हर नको.

शेवटी कोडबर्गवर आलो. कोड ठेवायला जागा देणारी बर्लिनमधली नोंदणीकृत संस्था आहे, २०१८ची. देणग्यांवर चालते, सभासद मत देतात, आणि आत जागा फक्त मुक्त परवान्याच्या कामाला. चालतं ते फोर्जेजो या सॉफ्टवेअरवर, जे स्वतःही मुक्त आहे. उद्या इथेही बिनसलं तर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर उभं करता येतं. बिनसणार नाही असं कोणी म्हणत नाही. गुगलची अशीच कोड ठेवण्याची सेवा, गुगल कोड, बंद होईल असंही कोणाला वाटलं नव्हतं. २०१६ च्या जानेवारीत झालंच.

आयात करताना एक घोळ झाला. त्या नऊ दिवसांत आम्ही तिथे तात्पुरता रेपो, म्हणजे कोडाचं कोठार, उघडला होता आणि भल्या लोकांनी त्यात १ ते ६ क्रमांकाचे इश्यू टाकले होते. आयात नव्या, रिकाम्या रेपोतच होते, आणि जुने क्रमांक जसेच्या तसे राहणं आम्हाला हवंच होतं, कारण कमिट संदेशांत ते जागोजागी आहेत. म्हणून तात्पुरता रेपो पुसला, ते सहा इश्यू मजकूर फाइलींत जपून ठेवले, आयात पुरी झाल्यावर शेवटी चिकटवले. आयात दोनदा अडकली, कारण जुना होस्ट तासाला ठरावीक विनंत्याच देतो. तिसऱ्यांदा पहाटे पुरी झाली. मी सगळ्यात आधी ३१८ उघडला. टिप्पणीच्या शेवटी मेलमध्ये नव्हता असा, जोडलेला एक परिच्छेद: स्पेस, तारांकन, आणि शून्यांचं काय करायचं ते.

जुन्या जागी आता नुसता आरसा, म्हणजे कोडाची प्रत ठेवलीय, इश्यू बंद. पॅच खरंच कमी येतात. तो म्हणाला होता ते खोटं नव्हतं. दोन नेहमीचे लोक आले नाहीत, एकाने मेलवरून पॅच पाठवला, तो घेतला.

नवी आणि मी मिळून त्या ४३ ओळींमागे लागलोय. प्रत्येकीत क्रमांकाच्या जागी कारण लिहायचं, निदान तीन-चार ओळी. २६ झाल्या. काल २०७ ला हात घातला. इश्यू आहे, शाबूत आहे, नीट आयात झालाय. त्यात टिप्पणी एकच आहे आणि ती माझीच: "बोललो त्याप्रमाणे बदललं."

कोणाशी बोलले होते, ते दोघांनाही विचारून झालं.