निवांत की!

आषाढातली झड लागलीय. सकाळपासून कोल्हापुरात व्हॉट्सअॅपवर एकच आकडा फिरतोय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाणीपातळीचा. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर, हे इथं पोरासोरांनाही पाठ. गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो तेव्हा तिथल्या काकांना विचारलं, "पाणी चढतंय का ओ?" म्हशीची धार काढता काढता, मान वर न करता ते म्हणाले, "निवांत हाय की. राधानगरीची दारं कुठं उघडल्यात अजून?" 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं होतं, तेव्हा मात्र हा शब्द ऐकल्याचं आठवत नाही. तेव्हा सगळे "काय होत न्हाई" म्हणायचे, आणि सामान माळ्यावर टाकायचे.

"काय भावा, कसं काय?" "निवांत!" हप्ता थकलेलाही हेच सांगतो. "निवांत या" म्हणजे घाई नको, पण या. "निवांत बोलू" म्हटलं की ते बोलणं बहुतेक होत नाही. आणि "जरा निवांत बस की" म्हणजे गप्प बस.

'शांत'ची जात वेगळी. चिडलेल्याला आपण "शांत हो" म्हणतो. "निवांत हो" म्हणून बघा, अंगावरच येईल. समई विझली म्हणत नाहीत, शांत झाली म्हणतात. म्हणजे शांत व्हायला आधी काहीतरी पेटलेलं लागतं. निवांत व्हायला काम उरकलेलं लागतं. आई भांडी आवरते, ओट्यावरनं फडकं फिरवते, ते पिळून दोरीवर टाकते, मग पदराला हात पुसत म्हणते, "झालं बाई, आता निवांत बसतो." (होय, 'बसतो'च. आमच्याकडं बायका अशाच बोलतात.)

या शब्दाचं नातं 'निवात'शी सांगतात, वारा नसलेल्या जागेशी. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या मनाला अशाच जागी ठेवलेल्या, न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे. आता रंकाळ्यावर संध्याकाळी बसलेल्यांना हे कोण सांगणार? हातात भेळ, फोन खिशात, आणि तोंडावर वारा आला नाही तर त्यांना निवांत वाटतच नाही. व्युत्पत्ती गेली रंकाळ्यात.

सवड, फुरसत, आराम हे भाऊबंद राहिलेच. त्यांच्यावर निवांत लिहीन.