शब्द समोर, निकाल शून्य

'आपण शोधलेल्या शब्दांसाठी काहीही आढळले नाही.' हे वाक्य मी त्या संध्याकाळी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही, पण अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

काम क्षुल्लक होतं. माहितीच्या एका संकेतस्थळावर काही महिन्यांपूर्वी एक नोंद वाचली होती. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात उजळतो आणि मंदावतो, त्याबद्दलची. नोंदीचं नाव विसरलो होतो. डोक्यात राहिले होते ते दोनच शब्द, 'ताऱ्यांची दीप्ती'. तेच शोधचौकटीत टाकले. शून्य निकाल.

एकटं 'दीप्ती' टाकलं तर पानामागून पानं, आणि तीही नव्यात नवं आधी या क्रमाने. (क्रम बदलायची सोय उजव्या कोपऱ्यात होती, फिकट करड्या अक्षरांत. ती मला तिसऱ्या दिवशी दिसली. तुम्ही पहिल्या दिवशी बघा.) एकटं 'ताऱ्यांची' टाकलं, पुन्हा शून्य. तारे हा विषय असलेल्या विभागात 'ताऱ्यांची' हा शब्द एकदाही नाही? मग अवतरणचिन्हं लावली, काढली, 'प्रगत शोध' उघडून विषय निवडला, तारखेची मर्यादा काढली. शून्य, शून्य, शून्य. मोबाइलवरून प्रयत्न करणार असाल तर अवतरणचिन्हं सरळ उभी आहेत ना ते बघा, कारण काही कीबोर्ड आपणहून वाकडी चिन्हं टाकतात आणि काही शोधचौकटींना ती ओळखू येत नाहीत.

शेवटी वैतागून शोध सोडला आणि अकारविल्हे सूची उघडली. त, च, ब करत र वर आलो आणि 'रूपविकारी तारे' दिसलं. हीच ती नोंद! मी आपला 'बदलते तारे' शोधत बसलो होतो. उघडली, तर दुसऱ्याच परिच्छेदात 'ताऱ्यांची दीप्ती', जसंच्या तसं.

इथे मी चिडलो. नोंद मिळाली होती, गप्प बसायला हरकत नव्हती, पण शब्द डोळ्यांसमोर असताना हे यंत्र मला 'नाही' का म्हणतं? पानावरचा 'ताऱ्यांची' हा शब्द उचलला आणि शोधचौकटीत चिकटवला. सात निकाल! पुसून तोच शब्द हाताने टाइप केला. शून्य. दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून डोळे बारीक करून पाहिले, काना-मात्रेचाही फरक नव्हता. मग ते दोन्ही शब्द अक्षरं मोजणाऱ्या एका साधनात टाकले. माझा शब्द ९ चिन्हांचा निघाला, त्यांचा १०.

ते दहावं चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. 'ऱ्या'मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात टिंबवाला ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे रुंदी नसलेलं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण शोधयंत्राने आधी त्यांना एकरूप करून घेतलं नाही, तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. माझ्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांसाठीची कळमांडणी) शिफ्ट आणि जे दाबलं की पहिला ऱ येतो. त्यांच्या नोंदी टंकताना दुसरा प्रकार वापरला होता. म्हणजे 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांना', 'सूर्यापासून दूरच्या ताऱ्यांपर्यंत' असलं काहीही शोधणारा माणूस त्या चौकटीपुढे माझ्यासारखाच आपटणार, आणि त्याला वाटणार की माहितीच नाही. 'सूर्य' मात्र बिनधोक, तिथे रफार आहे. कोणी घाईत 'तार्यांची' असं रफार देऊन लिहिलं असेल तर तो तिसराच शब्द, पण तो निदान दिसतो तरी.

'ॲप'चीही हीच कथा. एकच ॲ, किंवा अ आणि वर वेगळा चंद्र, किंवा ऍ. शोधताना तिन्ही करून बघावे लागतात. आणि आकडे! मी सुरुवातीला इंग्रजी अंकांत तीनशे बत्तीस टाकलं होतं, नोंदीत होतं ३३२.

आता मी अडचणीचं अक्षर असलेला शब्द टाळतो. मूळ रूप घेतो, 'तारा' किंवा 'तारे', कारण लहान संकेतस्थळांच्या शोधाला आपली सामान्यरूपं बहुधा कळत नाहीत. ताऱ्यांची, ताऱ्याला, ताऱ्यावर हे सगळं एकाच ताऱ्याचं आहे हे त्याला कोण सांगणार? बाहेरच्या सर्च इंजिनात रोमन अक्षरांत साइट, लगेच कोलन, मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता आणि मग शब्द, असंही करता येतं. तेवढ्याच संकेतस्थळापुरता शोध होतो. हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी सुचलं नाही, एवढंच. पानं स्कॅन करून चित्र म्हणून चढवलेली असतील तर मात्र मजकूर ओळखून घेतल्याशिवाय कोणताच शोध चालत नाही, तिथे सूचीच गाठायची.

संकेतस्थळाला मी सविस्तर लिहिलं, दोन्ही शब्द आणि त्यांची मोजणी जोडून. चौथ्या दिवशी उत्तर आलं, 'कृपया योग्य शब्द टाकून पुन्हा प्रयत्न करावा.'

माझ्या नोंदवहीत आता दोन 'ताऱ्यांची' एकाखाली एक लिहून ठेवलेत, हवा तो उचलून चिकटवायला. कोणता कुठला हे कळावं म्हणून शेजारी ९ आणि १० लिहिलंय.