सोडतीत लागलेला संच कुत्र्याला बसवताना

सणाच्या सोडतीत नाव लागलं की पहिली विचारणा येते ती आकाराची. लहान, मध्यम की मोठा? आमच्या नावावर हार्नेस (छाती-मानेभोवतीचा पट्ट्यांचा साज), लीश (फिरवायची दोरी) आणि स्लो फीडर वाटी (कुत्र्याने हळू खावं म्हणून आत उंचवटे असलेली) असा संच लागला, तेव्हा फॉर्ममध्ये फक्त कुत्र्याचं वजन विचारलं होतं. वजनावरून हार्नेस बसत नाही. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांत एक लांबट अंगाचा असतो, दुसरा भरदार छातीचा. म्हणून आम्ही वजनाखाली दोन मापं लिहून दिली: पुढच्या पायांच्या किंचित मागे, जिथे छाती सर्वात रुंद असते तिथला घेर, आणि मानेचा घेर, तोही अगदी खाली, खांद्यापाशी. शिवणकामाची टेप घ्यायची, कुत्रा उभा असतानाच मोजायचं, आणि दोनदा मोजायचं. माप दोन आकारांच्या मधोमध आलं तर मोठा आकार मागावा. सैल पट्टी आवळता येते, तोकडी वाढवता येत नाही.

पाठवायला आम्हाला पत्ता, फोन नंबर आणि ही मापं एवढंच द्यावं लागलं. बक्षिसासाठी आधी पैसे, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागितला तर तिथेच थांबावं.

खोकं उघडल्यावर आधी सजावट काढली. हार्नेसला शिवलेली रिबीन, छोटी घंटा, चमकीचा बो, सगळं कात्रीने काढून टाकलं. गिळलेली रिबीन आतड्यात ताणली जाते, आतडं तिच्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. सोबत खाऊचं पाकीट असेल तर त्यावरची घटकांची यादी वाचा. चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) कुत्र्याला विषारी.

हार्नेस पहिल्या दिवशी घालायचाच नाही. मानेच्या गाळ्यातून खाऊ दाखवायचा, कुत्र्याने आपणहून डोकं आत घालावं. बकल लावताना एक बोट पट्टी आणि कातडी यांच्यामध्ये ठेवा, म्हणजे केस चिमटीत सापडत नाहीत. एकदा चिमटा बसला की पुढचे कित्येक दिवस तो ‘टक्’ आवाज ऐकूनच कुत्रा मागे सरतो. प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं आडवी सरकली पाहिजेत. मग घरातच, दार बंद करून, कुत्र्याच्या समोर उभं राहून लीश हलकेच आपल्याकडे ओढा. कुत्रे निसटतात ते असेच: डोकं खाली, पाय मागे, आणि हार्नेस कानांवरून पुढे. खांदा बाहेर यायला लागला तर आधी छातीची पट्टी आवळा. मानेची आवळली तर फक्त गळा दाबला जातो. पहिल्या वीस मिनिटांच्या फेरीनंतर काखा बघा. केस दबलेले किंवा कातडी लालसर दिसली, तर पट्टी पायाच्या फार जवळ आहे.

लीश दीड ते दोन मीटरची पुरते. आपोआप गुंडाळणारी आली असेल तर गर्दीत नको. तिची बारीक दोरी वेगाने सरकताना हात कापते.

वाटीवर आमचा सर्वात जास्त वेळ गेला. आतल्या उंचवट्यांमुळे ती भरलेली दिसते आणि अंदाज चुकतो, म्हणून खाणं वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून घालावं. सुरुवातीला नेहमीच्या खाण्यातलं निम्मंच यात, उरलेलं साध्या वाटीत. एकदम सगळं दिलं तर कुत्रा वैतागून वाटी उलटी करतो किंवा प्लास्टिक चावतो. चपट्या तोंडाच्या जातींना खोल खाचा जमतच नाहीत, त्यांना उथळ वाटी हवी. ओलं खाणं कोपऱ्यांत अडकतं आणि बुळबुळीत थर धरतं, तेव्हा रोज गरम पाणी, साबण आणि बाटल्यांचा ब्रश. वाटीसोबत उंच स्टँड असेल आणि कुत्रा मोठ्या जातीचा असेल, तर तो वापरण्याआधी पशुवैद्यांना विचारा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मोठ्या जातींमध्ये उंचावरची वाटी आणि पोट फुगून पीळ पडण्याचा धोका यांचा संबंध दिसला होता.

नव्या पट्ट्या आठवडाभरात सरकतात. बकलपाशी मार्करने बारीक रेघ मारून ठेवली की बाहेर पडण्याआधी एका नजरेत कळतं.