बर्फावरची पकड : आमची वाटचाल

पहिल्या हिवाळ्यात आम्ही नऊ एटीव्हींच्या (फुगीर टायरांच्या, हँडलवाल्या, कच्च्या वाटेवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या) टायरांना खिळे बसवले आणि त्यातल्या चार गाड्या आठवडाभरात परत आल्या. हवा उतरत होती. भोक कुठे दिसेना. शेवटी साबणाचं पाणी टाकलं तेव्हा एकेका खिळ्याच्या बुडाशी बारीक फुगे आले. म्हणजे पंक्चर आमच्याच हातचं. चौघांनाही टायर बदलून दिले आणि त्या मोसमाची कमाई तिथेच संपली.

तोवर आमचं दुकान म्हणजे पंक्चर काढणं आणि रिमवर टायर चढवणं एवढंच. मी टायरमधला, धाकटा भाऊ लेथवरचा. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जाणारे, बर्फ सारायला गाडीला पुढे पातं लावणारे, नुसते हौसेने फिरणारे असे लोक येऊन विचारायचे, ‘खिळे मारून देता का?’ आम्ही ‘देतो’ म्हणून बसलो. मोटारीच्या टायरला खिळे असतात, मग याला काय अवघड, असं वाटलं होतं.

मोटारीच्या खिळेवाल्या टायरला कारखान्यातच खळगे ठेवलेले असतात, त्यात खिळा गनने बसवतात. एटीव्हीच्या टायरला बहुतेक वेळा असं काही नसतं. शिवाय हा टायर मुळात मऊ. होंडाने 1970 साली आपली तीन चाकांची गाडी आणली तेव्हापासून या गाड्यांचे टायर फुगीर आणि कमी हवेचे. आजही हवेचा दाब साधारण 4 ते 7 पीएसआय (दाब मोजायचं माप); मोटारीत 30च्या आसपास किंवा वर असते. त्यामुळे वाळूत, चिखलात, ताज्या भुसभुशीत बर्फात ते छान चालतात. गुळगुळीत, घट्ट बर्फावर मात तोच टायर पाटावरून घसरल्यासारखा घसरतो, आणि खिळा बसवायला घ्यावा तर टायरवरच्या नक्षीचे उंच ठोकळे बोटाखाली हलतात.

भावाने परत आलेल्या त्या चार गाड्यांपैकी एकीचा टायर करवतीने आडवा कापला. तो तुकडा हातात घेतल्यावर दोघेही गप्प झालो. वर ठोकळा, खाली रबराचा पातळ थर, त्याखाली दोऱ्यांचे पदर आणि मग थेट हवा. आमचे खिळे म्हणजे तेव्हा स्क्रूच, ते त्या दोऱ्यांतून पार गेले होते. कडेच्या ठोकळ्यांत तेच स्क्रू नीट बसले होते, कारण कडेची नक्षी कमी झिजलेली. मध्ये ती निम्म्यावर आलेली. सगळीकडे एकाच लांबीचे स्क्रू मारले, एवढाच आमचा गुन्हा.

तेव्हापासून मोजल्याशिवाय ड्रिल हातात घेत नाही. ठोकळ्यांमधल्या खाचेची खोली मोजायची, मध्यावर वेगळी आणि कडेला वेगळी, चारही टायरांची. जेवढी खोली, तेवढाच ठोकळा आपला. खाचेखालचं रबर हिशेबात धरायचंच नाही, ते टायरचं. खिळ्याचा आत जाणारा भाग खोलीपेक्षा कमीच हवा. त्यामुळे एकाच टायरवर दोन लांब्यांचे खिळे लागतात आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘हे बारके कशाला?’ कापलेला तुकडा काउंटरवर ठेवलेला असतो, तोच दाखवतो. ठोकळे फारच झिजले असतील तर काम घेत नाही. यावरून लोक रुसतात, दुसरीकडे जातात. जाऊ देत.

खिळा कोणता, हा दुसरा धडा. सुरुवातीला षट्कोनी डोक्याचे, कडा उठवलेले पोलादी स्क्रू वापरले. स्वस्त, आणि तळ्यावर चांगले चावतात. पण घर ते तळं हा रस्ता डांबरी असला की डोकी चटकन गोल होतात. मग आम्ही टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे, रुंद आट्यांचे खिळे आणले. भावाला ते बघून आनंदच झाला, कारण लेथवाल्यांचं ‘विडिया’ ते हेच. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने 1927 साली या नावाने हा धातू विकायला काढला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून नाव पडलं. पोलाद कापणारं टोक बर्फावर आणि अधूनमधून रस्त्यावरही टिकतं. फक्त तळ्यावरच धावणाऱ्याला मात्र आम्ही अजूनही साधे स्क्रू सुचवतो. उगाच महाग माल का गळ्यात मारायचा?

बसवताना ड्रिल हळू फिरवायचं, साबणाच्या पाण्याचा थेंब द्यायचा, खिळा सरळ उतरवायचा आणि टेकला की थांबायचं. आणखी एक फेरा घेण्याचा मोह होतो. त्या एका फेऱ्यात आतलं रबर भरडतं आणि खिळा जागच्या जागी फिरत राहतो. असा खिळा पहिल्याच जोरदार वळणावर उडतो. माझ्या हातून पुष्कळ उडाले आहेत; आता ड्रिल भावाकडे आणि मोजपट्टी माझ्याकडे.

एकाने हट्टाने फक्त मागच्या चाकांना खिळे बसवून घेतले, पुढच्यांचा खर्च वाचवायला. गाडी बाणासारखी सुटली. हँडल वळवलं तरी बाणासारखीच सरळ गेली आणि काठावरच्या बर्फाच्या ढिगात घुसली. बरं की ढीग मऊ होता. फक्त पुढे खिळे असते तर उलटं झालं असतं, मागचा भाग भोवऱ्यासारखा फिरला असता. आता चारही चाकं, नाहीतर काहीच नाही. पुढच्या टायरांत कडेच्या ठोकळ्यांवर जास्त खिळे देतो, कारण वळताना तेच बर्फात रुततात. मागे मधल्या ठोकळ्यांवर भर, रेट्यासाठी. आणि एका रेषेत कधीच नाही, नाहीतर एका खिळ्याने पाडलेल्या चरातूनच पुढचा फिरतो.

गाडी देण्याआधी हँडल पूर्ण वळवून चाक हाताने फिरवून बघतो. ब्रेकच्या नळीला किंवा मडगार्डला खिळा घासत असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. शर्यतीवाल्यांचं प्रकरण वेगळं. त्यांना लांब खिळे लागतात, म्हणून आतून जुन्या टायरचं अस्तर घालावं लागतं. वर चाकांवर आच्छादन हवं आणि चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी हवी. त्या खिळ्यांखाली माणूस आला तर काय होईल, ते सांगायला नको.

हवा थोडी उबदार झाली की फोन सुरू होतात, ‘खिळे बोथट झाले वाटतं.’ बोथट झालेले नसतात. शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पदर येतो आणि घसरण सगळ्यात जास्त तेव्हाच असते. उणे 20ला बर्फ इतका कडक असतो की खिळा कमी रुततो, पण तेव्हा निसरडेपणाही कमी असतो. आणि पकड आली म्हणून बर्फ जाड होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो, ऐकणारा कंटाळला तरी. माणूस चालायला निदान 10 सेंटिमीटर पारदर्शक, घट्ट बर्फ लागतो. एटीव्हीला आम्ही 20 सांगतो. पांढरट बर्फाची ताकद साधारण निम्मीच धरायची. खिळ्यांच्या बिलाच्या मागे हे आकडे आम्ही हाताने लिहून देतो.

सध्या एका टायरला शंभर-सव्वाशे खिळे बसतात आणि दोघांना मिळून एका गाडीला अर्धा दिवस लागतो, त्यामुळे दिवसाला दोनच गाड्या घेतो. पहिल्या हिवाळ्यातल्या त्या चौघांपैकी तिघे अजून आमच्याकडेच येतात. आणायच्या आधी टायर धुऊन आणा, एवढंच त्यांना आजही सांगावं लागतं. खाचेत चिखल असला की खोली मोजता येत नाही.