सैल पडलं की धडधड: सात गटांवर अडलेली गाडी

स्नायू आवळून मग सैल सोडायचा सराव (प्रोग्रेसिव्ह मसल रिलॅक्सेशन) करतोय. त्यात अंगातले स्नायू आधी सोळा, मग सात, मग चार गटांत सैल करायचे असतात. मागच्या नोंदीत सोळावरून सातवर उतरल्याचं लिहिलं होतं. आता चारवर जायचा बेत होता, पण तिथेच घोडं अडलं. मुठी सुटतात, जबडा सुटतो, कपाळ मोकळं होतं आणि नेमकी तेव्हाच छातीत धडधड सुरू. ताण असताना नाही, ताण गेल्यावर! नुसतं पडून राहिलेला माणूस, आणि छातीला बांधलेल्या, ठोके मोजणाऱ्या पट्ट्यावर नाडी ६८ वरून बघता बघता नव्वदीपार. (ईसीजी आधीच काढून घेतलाय, नीट आहे. तुम्हीही आधी तेवढं करा.)

जुन्या मंडळींना हे नवं नसेल. हाइडी आणि बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये नेमकं यावरच लिहिलं होतं: सैलावण्यातूनच उपजणारी चिंता. कायम सावध राहायची सवय जडलेल्याला पहारा उठला की धोका वाटतो. त्यात डोळे मिटलेले, कान आत लागलेले, त्यामुळे ठोका मोठा वाटतो, त्याने मन दचकतं आणि ठोका आणखी वाढतो. हे सगळं समजतं, पण समजल्याने धडधड थांबत नाही.

मग श्वासाकडे वळलो. चार-चार-चार-चारच्या पेटीत (चार मोजत श्वास घ्यायचा, रोखायचा, सोडायचा, पुन्हा रोखायचा) कुंभकाला, म्हणजे श्वास रोखताना, जीव घाबरा होतो. ४-७-८ चं (चार मोजत घ्यायचा, सात रोखायचा, आठ सोडायचा) तर विचारूच नका. घाबरलेल्याला जो तो ‘दीर्घ श्वास घे’ सांगतो, तो सल्ला मला अजिबात पटत नाही. भराभर मोठे श्वास ओढले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्यानेच माणूस आणखी घाबरतो. श्वास लहानच घ्यावा, सावकाश घ्यावा, लांबवायचा तो रेचक, म्हणजे श्वास सोडणं. रेचकात नाडी उतरते हे आलेखावर चक्क दिसतं.

वाट सापडली ती गोव्यातल्या चोडण बेटाच्या फेरीबोटीत. रायबंदरहून परतताना इंजिनाचा आवाज एवढा, की भ्रामरी करून पाहावी म्हटलं, कोणाला ऐकू जाणार नाही. डोळे उघडे, नजर पलीकडच्या खारफुटीवर, ओठ मिटून गुणगुण. रेचक आपोआप लांबला, आकडे मोजावे लागले नाहीत. ठोक्याकडे लावायला कानही रिकामा नव्हता. खांदे केव्हा खाली आले कळलं नाही, आणि धडधड आलीच नाही! धक्क्यावर उतरून मोबाइलवर आलेख उघडला, तर छान संथ लाटा. घरी येऊन सगळ्यांना दाखवला. कोणाला काही कळलं नाही, तरी दाखवला.

आता घरीही तसंच करतो. आडवं पडत नाही, खुर्चीत बसतो. डोळे उघडे, आधी फक्त हात आणि खांदे, गुणगुणतच. काल सातही गट झाले. पोटाशी आल्यावर धडधडीने डोकं वर काढलं, पण गुणगुण चालू ठेवली तशी ओसरली.

साधनांबद्दल थोडं. मनगटी घड्याळ बोटीच्या थरथरीत पार भरकटतं, एचआरव्हीसाठी (ठोक्याठोक्यातल्या अंतराचा चढउतार) छातीचा पट्टाच हवा. इलेक्ट्रोड पाण्याने ओले करून मगच बांधा, कोरडा पट्टा सुरुवातीला वाटेल ते आकडे देतो. आणि महिन्याला वर्गणी घेऊन कानात कुजबुजणारं ते ॲप मी काढून टाकलं. त्यापेक्षा ते पैसे पट्ट्यात घातलेले बरे.

पुढचा बेत चार गट आणि मग ओस्ट या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने रेचकाबरोबर एक ठरावीक शब्द, असा होता. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय. घुमट आरतीत (घुमट आणि शामेळ या गोव्यातल्या तालवाद्यांवर म्हणायची आरती) लांब ओळ एका दमात ओढायची म्हणजे रेचकच की! नाडी मात्र चढणार, घुमट-शामेळ तापले की बसल्या जागी कोण स्वस्थ राहतो? पण मला हवंय तेच. माझी भीती वाढलेल्या ठोक्याचीच आहे, मग तो आनंदात वाढलेला अनुभवून बघू. तेव्हा चार गट चवथीनंतर. यंदा आरतीला कुर्त्याखाली पट्टा. गर्दीत, घामात तो जागचा सरकतो का? कोणी नाचताना किंवा भजनात वापरला असेल तर सांगा, नाहीतर वरून क्रेप बँडेज गुंडाळायचा विचार आहे.